सोळा खाटा

सानपाडा
शिमग्याला आठ दिवस, सन १९५८

चि. सौ. सखूस सासूचा आशीर्वाद आनि नातवाचा मुका. मुका त्यानं कागदालाच दिलाय, म्हनून वरची शाई पसरली हाय. पुसू नको.

तुजं पत्र पोचलं. तू जित्ती हायस हे वाचून माज्या हातातलं कोलीम-सुकट निवडायचं सूप खाली पडलं. कोंबड्यांची दिवाळी झाली. पत्र मी एकटीनंच वाचलं, माजा जयदेव मिठागरावर गेला होता. बग, तू शिकवलेलं अक्षर कामाला आलं. चुलीपुढं राख पसरून तू मला अक्षरं गिरवायला लावायचीस आनि मी म्हनायची, "या वयात मला काय मामलेदार व्हायचंय?" तू म्हनायचीस, "आई, कोनाला पत्र लिवाल." आता लिवते ती तुलाच.

गोवर्धनला दोन दात आले, खालचे. मांदेलीचा काटा काढून दिला की चोखतो आनि डोळे मिटतो, अगदी माज्या बापासारखा. रंगानं माज्यावर गेलाय. शेजारनी म्हनतात, धोंडूबाई, म्हातारपनी तुमाला पालवी फुटली. खरंच गं, मला रात्री झोप लागत नाय आनंदानं.

पनवेलच्या मिशनात तुला दोन येळा जेवन हाय, खाट हाय, वर दवा देतात असं तू लिवलंस. मला जन्मात कोनी खाट दिली नाय. गानी म्हनायला लावतात तर म्हन, तोंड काय झिजतं? पाद्री शांतवन मानूस चांगला हाय म्हनतेस, मग त्याचं ऐक. डोकं पुरतं ताळ्यावर येऊ दे.

आता त्या दिवसाचं. तू विचारलंस म्हनून सांगते. बाळंतपनानंतर तीन महिने तू भिंतीकडं तोंड करून बसलीस, पोराला पाजलं नाय, म्हनून मी तुला पनवेलला डाक्टरकडं नेत होते. स्टँडवर तुला बसवलं, भाकरी मांडीवर दिली आनि पानी आनायला गेले. नळावर ही गर्दी. परत येते तर तू नाय. कंडक्टरला विचारलं, पानवाल्याला विचारलं. माजा जीव नुसता कासावीस. शेवटची गाडी सुटायला आली, घरी पोर तान्हं, मी काय करनार?

येवढ्यात इकडं येऊ नको. गावात देवीची साथ हाय आनि गोवर्धनला टोचायचं राहिलंय. मी निरोप धाडीन तवा ये. जयदेव बरा हाय. त्याला तुजं पत्र आलं ते अजून सांगितलं नाय, एकदम आनंद झाला तर मानसाला सोसत नाय.

तुजी सासू, आता कोनाची तरी आजी,
धोंडूबाई


सानपाडा
नारळी पुनवेनंतर तिसरा दिवस, १९५९

चि. सखूस आशीर्वाद.

या खेपेला सौ. लिवलं नाय. का ते खाली येईल, आधी गोवर्धनचं ऐक. परवा पुनवेला त्यानं खाडीत नारळ टाकला आनि लगेच रडायला लागला, "माजा नारळ द्या." सगळं गाव हसलं. देवजी तांडेलानं शेवटी पान्यात उडी मारून दुसराच एक नारळ आनून दिला, तवा गप बसला. पोराला टाकलेलं परत पायजे असतं. हट्टी हाय, पन लाघवी.

आता तुज्या पत्राकडं येते. पनवेलच्या बाजारात आपल्या गावची सरस्वती तुला दिसली, तू "सरस्वतीकाकी" म्हनून हाक मारलीस आनि ती माशांची टोपली टाकून पळाली. सखू, तू असं भर दुपारी कोनाला हाका मारत जाऊ नको. तिला दोन दिवस ताप होता. मी जाऊन मिरच्यांनी दृष्ट काढली आनि सांगितलं, "बाई, खाडीत गेलेली फिरतेच गं, तू उलटून बगितलं नायस ना?" आता ती पनवेलला मासे न्यायचं नावच काढत नाय.

व्हय, आमी तुजे दिवस केले. लपवून काय उपयोग? तू स्टँडवरनं नाहीशी झालीस, त्याला कोनी काय म्हनावं? सासूनं सोडली म्हनले असते. म्हनून मी सांगितलं की पनवेलला नेलीच नाय, पहाटेच बांधावर गेली ती आलीच नाय. देवजीनंही सांगितलं, वाहात जाताना लुगडं दिसलं. त्याला मी कधी कमी केलं नाय, चांगला मानूस. खाडीत गेलेल्याचं मढं मिळालं नाय की आपल्यात काय करतात ते तुला ठाऊक हाय. दर्भाचा मानूस केला, वर तांदळाच्या पिठाचं तोंड. तोंड मी माज्या हातानं केलं. नाक तुज्यासारखं बसकं जमलं, बायका बगून हंबरडा फोडून रडल्या. तुजं हिरवं लुगडं नेसवलं, ते तसंही विरलं होतं. जयदेवानं अग्नी दिला. पंधरा दिवस तो घरात कोनाशी बोलला नाय, मला वाटलं हाही जातो का काय.

मग करंजाड्याच्या धर्मराजशेटनी पुन्हा विचारलं. पुन्हा म्हनजे, स्थळ दसऱ्यालाच आलं होतं, तू भिंतीकडं तोंड करून बसली होतीस तवा. त्यांना एकुलती पोरगी चंदा, भाताची जमीन, घरजावई पायजे. पन आता सरकारचा कायदा हाय, एक बायको असताना दुसरी केली तर तुरुंग. म्हनून मला ते सगळं दिवाळीच्या आत उरकावं लागलं.

लिवून गेले बग. तू शिकवलंस, शाईनं लिवलेलं खोडू नये, डाग पडतो. तर ऱ्हाऊ दे. नळावर गर्दी नव्हती. मी समोरच्या हाटेलाच्या आडून बगत होते. तू भाकरी सोडली नायस, मांडीवर तशीच धरून बसलीस. माजी गाडी आली, मी गेले. तू तिथं तीन दिवस बसलीस हे तुज्याच पत्रातनं कळलं. मला वाटलं होतं, कोनी तरी दोन तासांत नेईल.

जयदेवचं लगीन वैशाखात झालं. बुंदी केली होती. गोवर्धन चंदाच्या मांडीवर बसून अंतरपाटाला हात लावत होता, सगळे कौतुक करत होते. आमी आता करंजाड्याला ऱ्हायला जातो, दिवाळीनंतर. पत्र धाडायचंच असेल तर माज्या नावानं धाड. घरात माज्याशिवाय कोनी ते उघडत नाय. जयदेवला सांगितलंय, मिशनवाले धर्माचं छापील पाठवतात.

तुला बरं वाटावं म्हनून सांगते, तुज्या बाराव्याला दीडशे पान उठलं. कोनाच्या सुनेचं उठतं?

धोंडूबाई


करंजाडे
ता. ४ ऑक्टोबर १९६१

सखूस,

इथं भिंतीवर क्यालेंडर हाय, म्हनून तारीख. शेटच्या घरी सगळं टापटीप असतं.

गोवर्धन आता चार वरसांचा. धर्मराजशेटना "शेट, विडी विझली" म्हनून सांगतो, तेही हसतात. चंदाला आई म्हनतो. कोनी शिकवलं नाय, आपनच म्हनायला लागला. शेरडीला पाला घालतो आनि तिला कुशीत घेऊन झोपायला बगतो. काल मला म्हनला, "आजी, तू मेलीस की मी तुजा पन पिठाचा मानूस करीन." कोनी तरी सांगितलं असनार त्याला. मी पोट धरधरून हसले. किती गुनाचं!

तुज्या पाद्रीनं मात्र माजा जीव खाल्ला. परवा दुपारी सायकलीवरनं आला. नशीब, शेट आनि चंदा बाजाराला गेले होते, जयदेव शेतावर. मी ओटीवर वाल सोलत होते.

"धोंडूबाई आपणच का?"

"व्हय. उनातनं आलात, बसा. तिथं नको, खाली बसा, पायरीवर."

बसला बिचारा. च्या दिला. कप नाय दिला, करवंटीत दिला. चंदाच्या घरचं सोवळं मी कशाला मोडू? तो करवंटीकडं बगून हसला नि म्हनला, "लहानपणी आमच्या आईला याच भांड्यात मिळायचा."

"मग चव ओळखीची असेल," मी म्हनले.

मग त्यानं त्याचं रडगानं सुरू केलं. परदेशातून मिशनला येनारी मदत आटली. गोरे साहेब आपल्या देशी गेले. आता चाळीस खाटांच्या सोळाच ठेवनार, मोठी खोली भाताच्या व्यापाऱ्याला पोती ठेवायला देनार. बाकीच्यांना दुपारची एकयेळची पेज, ती पन व्हरांड्यात. दवा बंद. "ज्यांना या जगात कुणीच नाही त्यांनाच खाट द्यायची, असं चर्चच्या मंडळीनं ठरवलंय," तो म्हनला. "ज्यांची माणसं आहेत त्यांना मी स्वतः पोचवतोय. सखूला कधी आणू?"

"कोन सखू?"

"तुमची सून."

"माजी सून चंदा."

"पहिली."

"ती खाडीत गेली, साहेब. सानपाड्याला जाऊन विचारा. दीडशे पान उठलं."

मला वाटलं, जिंकले. मी म्हनले, "ती जी कोन तुमच्याकडं हाय, तिला बिचारीला कोनी नसेल. द्या की तिला खाट."

म्हनला, "तसं लिहून द्याल? सखू नावाची बाई तुमची कोणी नाही?"

"देते की!"

बग सखू, त्या क्षनाला मी तुजंच भलं बगत होते. तुला कोनी नाय असं मी लिवून दिलं की तुजी खाट पक्की. त्यानं कागद लिवला, वाचून दाखवला, शाईची डबी उघडली नि म्हनला, "अंगठा द्या."

मला राग आला. अंगठा? शेजारनी अंगठा देतात. मी म्हनले, "आना ती लेखनी. मला सही येते." आनि सगळं नाव लिवलं, गावासकट. चांगली मन लावून लिवली, मान वाकडी करून.

तो बराच येळ सहीकडं बगत बसला. मग म्हनला, "धोंडूबाई, हे अक्षर माझ्या ओळखीचं आहे. या अक्षरातली दोन पत्रं सखू उशाखाली घेऊन झोपते. मला वाचून दाखवते, तेही फक्त नातवाचं कौतुक असतं तेवढंच."

अंगठा दिला असता तर काही झालं नसतं. तूच मला अक्षर शिकवून ठेवलंस, त्याला मी काय करू? आनि ती पत्रं उशाखाली कशाला ठेवायची? वाचून चुलीत घालायची असतात.

मी म्हनले, "बरं, कळलं ना तुमाला? मग आता दया करा, तिला ठेवून घ्या."

म्हनला, "खोट्या कागदावर मी खाट देऊ शकत नाही. दारात तेवीस माणसं उभी आहेत ज्यांना खरंच कुणी नाही. सखूला सासू आहे, नवरा आहे, मुलगा आहे. तिचं नाव यादीतून काढावं लागेल. नाताळानंतर तिची खाट दुसऱ्याला."

"आनि इथं आली तर माज्या लेकाला तुरुंग!"

"तो विचार तुम्ही आधी करायला हवा होता," असं म्हनून कागद चार तुकडे करून खिशात घातला. च्या तसाच ठेवून गेला. करवंटी मी उकिरड्यावर टाकली.

तुमचा देव म्हनतात दयेचा हाय. त्याच्याकडं पन यादीच हाय बग.

मला चार दिवस विचार करू दे.

धोंडूबाई


करंजाडे
ता. ४ जानेवारी १९६२

सखूस,

तुजं पत्र वाचलं. खाट गेली, मोठ्या खोलीत पोती लागली, आता व्हरांड्यात झोपता आनि उजाडायच्या आत उठवतात. थंडीनं खोकला धरलाय. नाताळाला गोड केलं नाय, पेजेत मीठ तेवढं जास्त होतं. इथं पन यंदा थंडी फार, गोवर्धनला मी बंडीवर बंडी घालते, नुसता गाठोडं दिसतो.

तू लिवलंस, "मला घरात घेऊ नका, एकदा लांबून दाखवा." लांबून दाखवायचं म्हनजे मी त्याला पनवेलला आनायचा, तू रडनार, लोक जमनार. त्यापरीस मी चांगली वाट काढली हाय. नीट वाच.

चंदाला पाचवा महिना हाय. शेटच्या घरी भांडी, शेन, दळन, कामाला बाई पायजेच. इथं तुला कोनी बगितलेलं नाय. मी जयदेवाला काल सांगितलं, तू जित्ती हायस नि इथं येनार. तो उठून गोठ्यात गेला. रात्री जेवला नाय. आज सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या नि मला म्हनला, "आई, तिला सांग, माज्याकडं बगायचं नाय." म्हनजे त्याची पन ना नाय.

पन जाळलेली बाई तशीच घरात कशी घ्यायची? पाप घरावर येतं, नातवावर येतं. म्हनून मी भटजीला तुजं नाव न घेता विचारलं, पुतळा जाळलेला मानूस जित्ता आला तर? ते म्हनले, त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं, बारसं करायचं, नाव ठेवायचं, लगीन असेल तर तेही नव्यानं. मी म्हनले, लगीन नको, बारसं पुरे.

तर तुजं बारसं झालं, मंगळवारी. घरात कोनी नव्हतं. गोवर्धनचा जुना पाळना माळ्यावरनं काढला, वरवंटा धुतला, त्याला टोपडं घातलं आनि पाळन्यात निजवला. दोरी गोवर्धननं ओढली. मी म्हनले, "बाळा, एक बाई येनार हाय, तिचं नाव ठेवायचंय. कानात सांग." तो वाकला नि वरवंट्याच्या कानात म्हनला, "गोजरा." त्याच्या शेरडीचं नाव हाय ते. मग आपनच टाळ्या वाजवायला लागला. मी घुगऱ्या वाटल्या, त्याला नि मला. सखू, सगळा सोहळा तुज्या लेकाच्या हातानं झाला, अजून काय पायजे बाईला?

आता ऐक. कपाळाला कुंकू नको, तू कुंभारवाड्याकडची विधवा हायस. ओटीच्या खाली झोपायचं. गोवर्धनला उचलायचं नाय, पडला तर चंदाला हाक मारायची. मिशनातली गानी तोंडातल्या तोंडात पन नकोत. आनि पोलिसात जाईन, पाद्रीला सांगीन, हे मनात आनू नको. जयदेव तुरुंगात गेला तर शेट आमाला हाकलतील. मग गोवर्धनला घेऊन मी कुठं जाऊ? मिशनात? तिथं खाट हाय का?

कबूल असेल तर लिव. नसेल तर हे शेवटचं पत्र. ही चिठ्ठी पन उशाखाली ठेवायला आता तुला उशी नाय, म्हनून जाळ.

धोंडूबाई


करंजाडे
ता. १२ जानेवारी १९६२

गोजरास,

तुजं एका ओळीचं पत्र पोचलं. "कबूल." अक्षर केवढं वाकडं काढलंस! थंडीनं असेल.

रविवारी दुपारच्या गाडीनं ये, फाट्यावर उतर. मी येईन घ्यायला. गोवर्धनला पन आनीन, तो ऐकनार नाय, दोन दिवस "गोजरा कधी येनार" म्हनून शेरडीलाच विचारतोय. केवढा आनंद झालाय त्याला! मला पन झालाय, खोटं कशाला बोलू. आता दोघींनी मिळून त्याला मोठा करू.

खोकला जमला तर वाटेत संपवून ये, शेटना खोकनारी मानसं चालत नायत. पत्रं आनू नको. पाद्रीला नमस्कार सांग, म्हनावं, नाव यादीतून काढलंत ते बरंच केलंत, तुमी जे सांगितलंत तेच आमी केलं, आमच्या मानसाला घरी नेलं.

एक सांगायचं राहिलं. गोवर्धन नव्या मानसाला लई प्रश्न विचारतो. पहिल्यांदा नाव विचारतो, ते तुला आता ठाऊक हाय. मग गाव विचारतो. मग विचारतो, "तुला पोरं हायेत का?" बोहारनीला विचारलं, कासाराला विचारलं, सगळ्यांना विचारतो.

नाय म्हनायचं. लगेच म्हनायचं, तो तोंडाकडं टक लावून बगत असतो. पनवेलपासून म्हनत ये, पन्नासदा म्हन. गाडीत येवढा खडखडाट असतो की कोनाला ऐकू जात नाय.